प्रयोग झाले, मग मार्क कुठे गेले?

प्रश्न : नाशिक जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत 11 वर्षे विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचे पत्र आले आहे. त्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत पोषण आहाराच्या तांदळाच्या गोण्या आहेत आणि साहित्यही अपुरे आहे. म्हणून गेल्या वर्षी त्या साहित्य टोपलीत घालून वर्गात नेत आणि नववी ‘ब’च्या 62 मुलांकडून रसायनशास्त्राचे जमतील तेवढे सगळे प्रयोग करून घेत. शेजारच्या ‘अ’ तुकडीत दुसऱ्या सरांनी एकही प्रयोग न करता प्रश्नोत्तरे लिहून दिली. वर्षाअखेरीस दोन्ही तुकड्यांची रसायनशास्त्रातली सरासरी जवळजवळ सारखी आली. मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, प्रयोग झाले, मग मार्क कुठे गेले?” आता हीच मुले दहावीत आहेत आणि शाळेला 100 टक्के निकाल हवा आहे. प्रयोग बंद करून प्रश्नपेढ्या सोडवून घ्याव्यात का, असे बाई विचारतात. प्रात्यक्षिकाचे 20 पैकी 18-19 गुण सगळ्यांना सरसकट देताना मन खाते, हेही त्यांनी लिहिले आहे. आणि शेवटी एक ओळ : “मुलांना मजा आली, पण डोक्यात काय शिरले ते मलाच सांगता येत नाही.”

उत्तर :

प्रिय ताई,

मुख्याध्यापकांचे बोलणे तुम्हाला लागले आहे, ते पत्रात दिसते. चारचौघांत तसे बोलायला नको होते. पण त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो बाजूला सारणार नाही. 62 मुलांचे इतके तास तुम्ही प्रयोगांना दिलेत, त्यातून काय हाती आले हे विचारायलाच हवे. तुमच्या शेवटच्या ओळीत तुम्हीही तेच विचारता आहात.

प्रयोग केला की समजते आणि समजले की मार्क येतात, असे आपण सगळेच धरून चालतो. मीही माझ्या नोकरीची बरीच वर्षे तसेच धरून चालले. यातली पहिली कडीच कच्ची आहे. इयान अब्राहम्स आणि रॉबिन मिलर या दोन अभ्यासकांनी इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांतले प्रयोगांचे 25 तास वर्गात बसून पाहिले आणि 2008 मध्ये त्यावर लिहिले. त्यांना दिसले ते असे : सांगितलेली कृती बहुतेक मुले व्यवस्थित पार पाडतात. पण जी कल्पना समजावी म्हणून तो प्रयोग घेतला, ती कल्पना वापरून विचार करणे त्या तासांत फारच थोडे घडते. शिक्षकांची सगळी तयारी ‘प्रयोग नीट झाला पाहिजे’ यासाठी असते, आणि कल्पना त्यातून आपोआप उमलेल अशी आशा असते. तिथल्या प्रयोगशाळा सुसज्ज होत्या. तुम्ही तर टोपली घेऊन वर्गात जात होता. दोष साहित्याच्या कमतरतेचा असता, तर त्यांना वेगळे दिसले असते.

एक साधा प्रयोग घेऊ. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात लोखंडी खिळा. तुम्हाला मला तो इतका सवयीचा आहे की त्यात न समजण्यासारखे काय, असे वाटते. पण कधीच न पाहिलेल्या मुलीच्या डोळ्यांनी बघा. निळ्या पाण्यात खिळा घातला आणि थोड्या वेळाने त्यावर तांबूस-तपकिरी थर चढला. पाण्यात ठेवलेल्या लोखंडावर तांबूस थर तिने घरी शंभरदा पाहिलेला असतो. ती म्हणणार, गंज चढला. यात तिचे काय चुकले? डोळ्यांना दिसले ते तिने अनुभवाला जोडले. ते तांबे आहे, ते निळ्या पाण्यातूनच आले आहे, आणि त्याच्या बदल्यात खिळ्यातले थोडे लोखंड पाण्यात गेले आहे, यातले काहीच परीक्षानळीवर लिहिलेले नसते. ते आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपल्याला तिथे दिसते.

ग्लासगो विद्यापीठातल्या ॲलेक्स जॉनस्टन यांनी रसायनशास्त्र मुलांना जड का जाते याचा उलगडा केला आहे, तो मला आजवर सगळ्यात जास्त उपयोगी पडला. त्यांचे म्हणणे असे की रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर बोलते. एक, डोळ्यांना दिसणारा खिळा. दोन, कधीच न दिसणारे अणू आणि आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण. तीन, फळ्यावरचे समीकरण. आपण शिक्षक बोलता बोलता या तिन्हींत ये-जा करतो आणि मूल पहिल्या पायरीवरच उभे राहते. त्यात 35 मिनिटांच्या तासिकेत त्याला नळी धुवायची असते, द्रावण मोजायचे असते, पाच-सहा जणांत आपली पाळी साधायची असते आणि घंटा व्हायच्या आत ‘साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान’ वहीत उतरवायचे असते. एका वेळी डोक्यात मावेल अशी जागा थोडीच असते. ती कृतीनेच भरून जाते, विचाराला उरत नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. नोकरी लागून तीन-चार वर्षे झाली होती. तोंडी परीक्षेत मी विचारले, “निळा रंग कुठे गेला?” ती म्हणाली, “बाई, खिळ्याने पिला.” मी पाचपैकी एक गुण दिला आणि पुढच्या मुलाला बोलावले. त्याने ‘लोह हे तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे’ हे वाक्य घडाघडा म्हटले, त्याला पाच दिले. ती गोष्ट मला अजून टोचते. कारण नळीकडे नीट बघून, जे दिसले त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न त्या दिवशी तिने एकटीने केला होता. मी तिला एवढेच विचारायला हवे होते, “खिळ्याने निळा रंग पिला, तर खिळा निळा व्हायला हवा. तांबूस का झाला?” एका प्रश्नाने ती कुठवर गेली असती!

तेव्हा ताई, प्रयोग बंद करायचे की नाही हे ठरवण्याआधी गेल्या वर्षीचे तास आठवा. प्रयोगाआधी ‘काय होईल’ हे मुलांना तुम्ही विचारत होता का? प्रयोगानंतर ‘असे का झाले’ यावर किती मिनिटे बोलणे झाले? 62 मुले आणि एक टोपली म्हटल्यावर ते राहूनच गेले असणार, याचा मला अंदाज आहे. तसे असेल, तर तुमच्या मुलांनी प्रयोग केले, ‘अ’च्या मुलांनी उत्तरे उतरवली, आणि विचार दोन्हीकडे तेवढाच झाला. मग मार्कही तेवढेच येणार.

दुसरे म्हणजे, ही तुलना कितपत खरी? प्रश्नपत्रिका कोणी काढली होती? ‘अ’च्या सरांनी लिहून दिलेल्या प्रश्नांतलेच प्रश्न पेपरात आले असतील, तर तुमच्या मुलांनी तयारीशिवाय त्यांची बरोबरी केली, असाही त्याचा अर्थ होतो. आठवीअखेर दोन्ही तुकड्या कुठे होत्या? आणि सरासरीपेक्षा उत्तरपत्रिका बोलक्या असतात. जुन्या गठ्ठ्यातून दोन्ही तुकड्यांचे दहा-दहा पेपर काढा आणि फक्त ‘शास्त्रीय कारणे लिहा’ची उत्तरे वाचा. कोणाची वाक्ये स्वतःची आहेत आणि कोणाची साच्यातली, ते अर्ध्या तासात कळेल. पण हे ‘ब’ सरस ठरवायला करू नका. तुमची मुले नेमकी कुठे अडतात, ते शोधायला करा.

आता दहावीचे. प्रयोग पूर्ण बंद करून प्रश्नपेढ्या घेतल्या तर काही मुलांचे मार्क वाढतील, हे मी नाकारत नाही. सरावाने लिहिण्याचा वेग येतो, पेपराची भीती जाते, आणि काठावरच्या मुलाला त्याची गरज असते. पण प्रश्न जरा फिरवून आला की ती मुले अडतात, आणि दहावीनंतर ते काहीच हाती राहत नाही. गेल्या वर्षीसारखे सगळेच प्रयोग करत राहणेही मी सुचवणार नाही. वर्षभरात मोजके सहा-सात प्रयोग निवडा आणि त्यांना भरपूर वेळ द्या. उरलेले तुम्ही स्वतः टेबलावर करून दाखवा. शिक्षकाने करून दाखवलेला प्रयोग कमअस्सल असतो, असे मनात आणू नका. सगळ्यांचे डोळे एका नळीवर आणि तुमचे प्रश्न नेमके असतील, तर तो गडबडीत उरकलेल्या बारा गटांच्या प्रयोगापेक्षा जास्त देतो.

निवडलेल्या प्रयोगासाठी जोडतासिका मागून घ्या. आधी प्रत्येक मुलाने वहीच्या कोपऱ्यात स्वतःचा अंदाज लिहायचा : काय होईल आणि का. लिहायचाच, नुसता बोलायचा नाही. बोलायला सांगितले की तीन हुशार मुले बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. मग प्रयोग. मग अंदाज आणि दिसलेले यांत फरक का पडला, यावर बोलणे. ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टोन यांनी ही अंदाज-निरीक्षण-स्पष्टीकरणाची रीत मांडली, आणि तिला एक पैसाही लागत नाही. चुन्याच्या निवळीवर करून बघा. खाण्याचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, वरचे निवळ पाणी गाळून घ्या, भरपूर साधे पाणी घालून ते पातळ करा आणि त्यात नळीने हलकेच फुंका. पाणी दुधाळ होते, हे पुष्कळ मुलांना पाठ असते. तिथे थांबा आणि विचारा, “फुंकतच राहिलो तर?” जवळजवळ सगळा वर्ग लिहील, आणखी पांढरे होईल. निवळी पुरेशी पातळ असली, तर बराच वेळ फुंकत राहिले की पाणी पुन्हा निवळते. अंदाज चुकलेल्या वर्गाला जे ऐकायची भूक लागते, ती मी दुसऱ्या कशानेही लावू शकले नाही. (फुंकणारे मूल नळी ओढणार नाही आणि डोळे भांड्यावर आणणार नाही, एवढे बघा.)

वेळ कुठून आणायचा? जर्नलमधून. कृती पुस्तकात छापलेली असते, ती पुन्हा लिहून देण्यात आपण वर्षाचे कितीतरी तास घालवतो, आणि मुले तर गेल्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलवरून ‘निरीक्षण’सुद्धा उतरवतात. त्याऐवजी प्रत्येक प्रयोगाला चारच ओळी असू द्या : माझा अंदाज, मला दिसले ते, असे का झाले, आणि शब्दांत व चिन्हांत समीकरण. त्याच तासाच्या शेवटी त्याच प्रयोगावरचा बोर्डाच्या धाटणीचा एक प्रश्न सोडवून घ्या. कारणे लिहा, समीकरण संतुलित करा, आकृतीवरून उत्तरे द्या, काहीही. मुख्याध्यापकांना हवी असलेली परीक्षेची तयारी आणि तुमचा प्रयोग यांच्यात भांडण राहणार नाही.

साहित्याची अडचण तुम्ही लिहिली आहे. औषधाच्या गोळ्यांची रिकामी पारदर्शक पाकिटे मुलांना घरून आणायला सांगा. मागचा चंदेरी कागद पूर्ण सोलला की एकेक खळगा म्हणजे एकेक छोटे चंचुपात्र. मेडिकलमधली बिनसुईची सिरिंज थेंब मोजायला घ्या. थेंबाथेंबाने काम केले की रसायन नाममात्र लागते, सांडले तरी धोका कमी, आणि मुख्य म्हणजे सहा जणांत एक नळी ही वेळ येत नाही. सहा जणांत एक नळी असली की ती कोणाच्या हातात जाते आणि लिहायचे काम कोणत्या मुलींकडे येते, हे तुम्ही रोज बघत असाल. खिळे घेताना जस्त चढवलेले घेऊ नका, नाहीतर भलतेच निरीक्षण येईल. साधे घ्या आणि पॉलिश पेपरने घासा. मोरचूद विषारी आहे. हात धुतल्याशिवाय कोणी डब्याला हात लावायचा नाही. उरलेले द्रावण मोरीत ओतू नका, एका बरणीत साठवा आणि त्यात लोखंडाचे तुकडे टाकून ठेवा. निळेपणा हळूहळू कसा जातो ते वर्ग आठवडाभर बघेल.

तुमचा वर्ग सेमी-इंग्रजीचा आहे, म्हणून भाषेबद्दल थोडे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात व्ही. जी. कुलकर्णी यांनी फार पूर्वी दाखवून दिले की आपल्याकडे पुष्कळ मुलांना विज्ञान अडत नाही, विज्ञानाची भाषा अडते. ‘डिस्प्लेसमेंट रिॲक्शन’ म्हणणारे मूल आणि ‘विस्थापन अभिक्रिया’ म्हणणारे मूल, दोघेही न कळता म्हणू शकतात. मुलांना आधी आपल्या बोलीत सांगू द्या. “खाली साका बसला” असे मूल म्हणाले की त्याने बरोबर पाहिले. अवक्षेप हा शब्द त्यानंतर द्या, आणि प्रेसिपिटेट त्याच्याही नंतर. निवळी हा शब्द तर आपल्या घरातलाच आहे, त्याचा अर्थ सांगावाच लागत नाही. पेपर इंग्रजीतून असला, तरी समजूत आधी मराठीत पक्की होऊ द्या.

20 गुणांबद्दल तुमचे मन खाते, हे वाचून बरे वाटले. 40-40 गुणांचे दोन लेखी पेपर आणि 20 गुणांचे प्रात्यक्षिक, यातले हे 20 शाळेच्याच हातात असतात, म्हणून ते निकालाचा टेकू झाले आहेत. सगळीकडे सढळ हाताने गुण दिले जात असताना एकट्या तुम्ही कडक झालात, तर भरडली जातील तुमचीच मुले. तसे करू नका. पण गुण कमावायची संधी तरी द्या. प्रत्येक मोठ्या प्रयोगानंतर पाच-सहा मुलांना एकेक मिनिट उभे करून एकच प्रश्न विचारा आणि वहीत टिपण ठेवा. जमले नाही त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर बहुतेक मुले 18 वर पोहोचतील, आणि तो आकडा लिहिताना हात अडखळणार नाही.

परीक्षा तीच ठेवून शिकवणे बदलले, की बदल दिसत नाही. मध्य प्रदेशात 1972 मध्ये 16 शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने ही गोष्ट ओळखली होती. तिथे सहावी ते आठवीची मुले प्रयोग करूनच विज्ञान शिकत, म्हणून परीक्षाही बदलली : लेखी परीक्षेला पुस्तक-वही उघडी आणि जोडीला खरी प्रात्यक्षिक परीक्षा. तो कार्यक्रम 2002 मध्ये सरकारने बंद केला, याचे मला आजही वाईट वाटते. तुम्ही बोर्डाचा पेपर बदलू शकत नाही. घटक चाचणी मात्र तुमच्या हातात आहे. तिच्यात दर वेळी एक प्रश्न असा घाला, जो कुठल्याही प्रश्नपेढीत नाही. उदाहरणार्थ, तांब्याच्या भांड्यात फेरस सल्फेटचे, म्हणजे लोहाच्या क्षाराचे, द्रावण ठेवले तर काय होईल? उत्तर ‘काहीच नाही’ असे आहे, आणि ‘काहीच नाही’ असे कारणासह लिहायला मुलाला खरेच कळलेले असावे लागते. ‘अ’ तुकडीच्या सरांनाही हा प्रश्न त्यांच्या चाचणीत घालायची विनंती करा. स्पर्धा म्हणून नको, दोघांनी मिळून उत्तरे वाचायला. तेही त्याच निकालाच्या ओझ्याखाली आहेत.

मुख्याध्यापकांकडे जाताना शास्त्रीय दृष्टिकोनावर बोलू नका. जुन्या गठ्ठ्यातून वाचलेल्यांतल्या दोन-तीन उत्तरपत्रिका घेऊन जा आणि दोनच गोष्टी मागा : पंधरवड्याला एक जोडतासिका आणि तांदळाच्या गोण्यांना दुसरी जागा. पहिल्या सत्राच्या शेवटी मुलांची उत्तरे पुन्हा दाखवते, असा शब्द द्या आणि पाळा. तरीही ते नाही म्हणाले, तर 35 मिनिटांच्या तासातली दहा मिनिटे, एक खिळा आणि अंदाजाची एक ओळ एवढे तुम्हाला कोणाच्या परवानगीशिवाय करता येते.

ज्या पालकांच्या मुलांच्या शाळेत प्रयोगच होत नाहीत, त्यांनीही हे घरी करावे. ओल्या हळदीच्या बोटांवर साबण लागला की लाल डाग का उठतो, त्यावर लिंबू पिळले तर काय होईल, हे आधी मुलाला विचारा आणि मग पिळा.

आणि ताई, तुम्ही द्राक्षाच्या पट्ट्यात शिकवता. तुमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी बोर्डो मिश्रण, म्हणजे द्राक्षांवर फवारायचे बुरशीनाशक, बनते : 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना. ते लोखंडी पिंपात का कालवत नाहीत, हे मुलांनी वडिलांना विचारून यावे. मिश्रण तयार झाले की शेतकरी त्यात स्वच्छ घासलेला विळा किंवा खिळा बुडवून बघतो. त्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडला; पाने भाजतील, आणखी चुना घालायला हवा. हा तुमच्या पाठातलाच खिळा आहे. चुना पुरेसा असला की तांबे साक्यात अडकते आणि विळ्यावर चढत नाही. एखाद्या पालकांना बादली आणि विळा घेऊन शाळेत बोलवा. चुना त्यांना मुद्दाम कमी घालायला सांगा, मुलांकडून अंदाज लिहून घ्या, आणि मग विळा वर काढायला सांगा. मुले काय म्हणाली ते मला नक्की कळवा.